लंडनला कुलूप लागते तो दिवस

हुरड्याचे दिवस आले, थंडी पडली, आणि शाळांना नाताळची सुट्टीही लागेल. आता आपल्या गावांतूनही कुणाची लेक, कुणाचा भाचा इंग्लंडात असतो. पोरांना तिकडे सुट्टी मिळते म्हणून आई-वडिलांचे तिकीट नेमके डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यातले काढतात. गावात सगळ्यांना सांगून होते की आम्ही लंडन बघायला चाललो. म्हणून आजच्या गप्पा त्या लंडनच्या, आणि त्यातल्याही एकाच दिवसाच्या, 25 डिसेंबरच्या.

समजा, त्या दिवशी सकाळी तुम्ही हीथ्रो विमानतळावर उतरलात. विमाने चालू असतात. पण शहरात जायला भुयारी रेल्वे नाही. लाल रंगाची ती प्रसिद्ध बसही नाही. लंडनहून बाहेरगावी जाणाऱ्या रेल्वेगाड्याही बंद. टॅक्सी मिळते, पण त्या दिवशीचे भाडे ऐकून पोटात गोळा येतो. ब्रिटिश म्युझियम 24 ते 26 डिसेंबर बंद. प्राण्यांच्या सांगाड्यांचे मोठे संग्रहालय पोरांना दाखवायचे म्हणाल, तर तेही बंद. मोठी दुकाने बंद. त्यात तिथे सकाळी आठला उजाडते आणि दुपारी चारला अंधार पडतो. नव्वद लाखांच्या आसपास वस्तीचे शहर, आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही.

आपल्याला याचे नवल वाटते. दिवाळीत आपली एसटी बंद ठेवली तर? उलट तेव्हाच जादा गाड्या सोडतात, आणि चालक-वाहकांची दिवाळी स्टँडवर जाते. नाताळ तिकडचा सर्वात मोठा सण, मग गाड्या बंद का? पहिले उत्तर सोपे आहे: गाडी चालवणाऱ्यालाही घर आहे. पण हे उत्तर लंडनला लगेच सुचले नाही. त्यामागे साडेतीनशे वर्षांची ओढाताण आहे, आणि तीच आम्हाला आज तुम्हाला सांगायची आहे. दुकान कधी बंद असावे आणि कुणाच्या सांगण्यावरून, यावरून तिकडे डोकी फुटली आहेत.

सतराव्या शतकात इंग्लंडात राजा आणि पार्लमेंट यांची लढाई जुंपली. आपल्याकडे शिवाजी महाराज लहान होते, तेव्हाची ही गोष्ट. पार्लमेंटच्या बाजूला कडक धर्ममताचे लोक होते, त्यांना प्युरिटन म्हणत. त्यांचे म्हणणे असे की येशूचा जन्म 25 डिसेंबरला झाला असे बायबलात कुठेही लिहिलेले नाही, आणि लोक या दिवशी देवाचे नाव कमी घेतात, दारू पिऊन धिंगाणा जास्त घालतात. 1647 च्या जूनमध्ये पार्लमेंटने हुकूम काढून नाताळ, ईस्टर असे सण रद्द केले. नाताळ हा इतर दिवसांसारखाच दिवस, दुकाने उघडी ठेवा, काम करा.

एक अडचण आली. घरगड्यांना, मोलकरणींना आणि कारागिरांच्या हाताखाली शिकणाऱ्या पोरांना सुट्टी मिळे ती या सणांनाच. सण गेला की सुट्टी गेली. पोरांनी तक्रारी केल्या, तेव्हा त्याच हुकमात सोय केली की दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी त्यांना मोकळीक द्यावी. हिशेबाने पाहिले तर वर्षाला बारा सुट्ट्या, सौदा काही वाईट नाही. पण लोकांनी तो मनापासून घेतला नाही. सगळ्यांचा मिळून असतो तो सण, आणि मालकाने सोडले म्हणून मिळते ती नुसती रजा. हा फरक आपल्या बायकांना कुणी वेगळा समजावायला नको.

त्या वर्षीचा नाताळ आला. लंडनच्या कॉर्नहिल भागात पोरांनी सार्वजनिक पाणवठ्याला हिरवा पाला बांधून सजवले. तो काढायला खुद्द शहराचे मेयर माणसे घेऊन आले आणि तिथे हाणामारी झाली. लंडनपासून शंभरेक किलोमीटरवर कँटरबरी म्हणून गाव आहे. तिथल्या मेयरने बाजार भरवायचा हुकूम दिला. जेमतेम डझनभर दुकाने उघडली. जमावाने त्यांना सांगितले, बंद करा. त्यांनी ऐकले नाही, तेव्हा माल रस्त्यावर फेकला. मेयरला धक्काबुक्की करून खाली पाडले. दंगल दिवसभरात शमली नाही, आणि पुढच्या वर्षी त्या भागात जे मोठे बंड झाले त्याची ठिणगी इथेच पडली. मैत्रिणींनो, दुकाने जबरदस्तीने बंद करायला लावणारे आपण पाहिलेत. इथे सरकारच जबरदस्तीने उघडायला लावत होते.

दहा वर्षांनी, 1657 साली, जॉन एव्हलिन नावाचे गृहस्थ लंडनमध्ये नाताळची प्रार्थना करत होते, तेव्हा सैनिकांनी देवघराला वेढा घालून मंडळींना पकडले. त्यांनी हे रोजनिशीत लिहून ठेवले म्हणून आपल्याला माहीत. 1660 मध्ये राजेशाही परत आली आणि नाताळही उघडपणे परत आला.

पण सण परत आला म्हणजे कामकऱ्याची सुट्टी परत आली असे झाले नाही. पुढच्या शतकात कारखाने निघाले, यंत्रे आली. शेतीत थंडीचे चार दिवस काम आपोआप मंदावते. यंत्राला थंडी-ऊन काही नाही. मालकाच्या दृष्टीने यंत्र थांबले की नुकसान सुरू. सुट्ट्या किती आटल्या याचे एक उदाहरण लंडनच्या मोठ्या सरकारी पेढीचे, बँक ऑफ इंग्लंडचे. ही बँक पूर्वी संतांचे वार धरून वर्षाला तीसहून जास्त दिवस बंद असायची. 1834 मध्ये ते चारावर आणले. नाताळ त्या चारांत टिकला. त्याच्या आदल्या वर्षी, 1833 मध्ये, कारखान्यांचा कायदा झाला. त्यात गिरण्यांत काम करणाऱ्या मुलांना नाताळचा आणि गुड फ्रायडेचा दिवस सुट्टी द्यावी असे घातले. मुलांना म्हणजे नऊ-दहा वर्षांच्या पोरांनाही. मोठ्या माणसांबद्दल कायद्याने तोंड उघडले नाही.

याच काळातले एक पुस्तक तिकडे घरोघरी वाचतात. चार्ल्स डिकन्स यांची नाताळची गोष्ट, 1843 च्या डिसेंबरात छापलेली. त्यात स्क्रूज नावाचा एक कवडीचुंबक सावकार आहे आणि त्याच्याकडे बॉब क्रॅचिट नावाचा गरीब कारकून. कारकुनाने नाताळची सुट्टी घ्यायची तर स्क्रूजच्या कपाळावर आठ्या. काम न करता दिवसाचा पगार द्यायचा म्हणजे आपला खिसाच कापला, असे त्याला वाटते. शेवटी देतो, पण दुसऱ्या दिवशी आणखी लवकर यायला सांगून. आपल्याकडे खाडा धरणारे मुकादम याच जातीचे.

लोक या गोष्टीतली भुते लक्षात ठेवतात. आमचे लक्ष जाते ते कारकुनाच्या घरातल्या बायकांकडे. त्यांच्याकडे भट्टी नाही. गरिबाघरी तेव्हा नुसती शेकोटीवजा चूल असे, तिच्यावर मोठा पक्षी भाजता येत नसे. म्हणून सणाचा पक्षी पाववाल्याच्या भट्टीत भाजायला द्यायचा आणि पोरांनी तो जाऊन आणायचा. म्हणजे नाताळच्या दिवशी पाववाला कामावर होता, हे ओघाने आलेच. पुडिंग शिजते ते कपडे उकळायच्या हंड्यात, आणि झाकण काढले की घरभर धुण्याचा वास. थोरली मुलगी मार्था टोप्या शिवणाऱ्या बाईकडे कामाला आहे. ती सणाच्या जेवणाला उशिरा येते, कारण आदल्या रात्रीचे काम उरले होते आणि सकाळी आवराआवरही करायची होती. बापाला दुसऱ्या दिवशी लवकर कामावर जायचे आहे, आणि मार्थाला मात्र दुसऱ्या दिवशीच काय ती मोकळीक. एकाच घरात दोघांच्या सुट्ट्यांची तोंडे दोन दिशांना. शेवटी स्क्रूजला उपरती होते, तो खिडकीतून एका पोराला हाक मारून कोपऱ्यावरच्या दुकानातून मोठा टर्की पक्षी आणायला पाठवतो. दुकान उघडे आहे, हेही ध्यानात घ्या. नाताळच्या सकाळचे ते लंडन आजच्यासारखे बंद नव्हते.

26 डिसेंबरला तिकडे बॉक्सिंग डे म्हणतात. त्याचा मारामारीच्या खेळाशी संबंध नाही. बॉक्स म्हणजे पेटी, त्या दिवशी नोकरांना, टपालवाल्यांना पेटीतून बक्षिसी देण्याची चाल होती. श्रीमंतांच्या घरी नाताळचे जेवण झाले, भांडी घासून झाली की मोलकरणीला उरलेसुरले बांधून देऊन 26 ला माहेरी जाऊ द्यायचे. आपल्याकडची दिवाळीची ‘पोस्त’ आठवली ना? 1871 मध्ये सर जॉन लबक यांनी पार्लमेंटात कायदा करून घेतला आणि 26 डिसेंबरसह चार दिवस बँकांना सुट्टीचे ठरले. बँका बंद तर व्यापार बंद, म्हणून इतरांनाही हळूहळू ती सुट्टी लागू पडली. नाताळ त्या यादीत नव्हता, कारण इंग्लंडात तो रूढीनेच सुट्टीचा दिवस धरला जाई.

मोलकरणींना मात्र यातला कुठलाच कायदा लागू नव्हता. 1891 च्या शिरगणतीत इंग्लंड-वेल्समध्ये घरकाम करणाऱ्या बायका 13 लाखांहून जास्त मोजल्या गेल्या. एवढ्या बायकांची सुट्टी मालकिणीच्या मर्जीवर.

आणि त्यांत आपल्या देशाच्या बायकाही होत्या. हिंदुस्थानातून परतणारी साहेबांची कुटुंबे बोटीवर मुले सांभाळायला आया बरोबर नेत. बोटीच्या नोंदीत कित्येकदा बाईचे नाव नसे, अमक्या मॅडमची आया एवढेच. लंडनला पोचल्यावर मुलांची गरज संपली की काहींना परतीचे तिकीट न देताच सोडून देत. अशा बायकांसाठी लंडनच्या पूर्व भागात आयांचे एक आश्रयघर होते. 1900 पासून ते हॅकनी भागात एका मिशनच्या देखरेखीखाली चाले, आणि वर्षाला शंभराच्या आसपास बायका तिथे राहून जात. हिंदुस्थानात निघालेले एखादे कुटुंब आया शोधत आले की त्यांच्याबरोबर परतीची सोय व्हायची. तोवर वाट पाहायची. सुट्टीत घरी जायचे म्हणतात, पण यांचे घर समुद्रापलीकडे. 2022 मध्ये त्या घरावर आठवणीची निळी पाटी लावली आहे. लंडनला जाणाऱ्या आमच्या मैत्रिणींनी राजवाडा पाहावाच, पण जमले तर ही पाटीही पाहावी. ती बाहेरच्या भिंतीवर आहे, तिला सुट्टी नसते.

त्याच सुमारास आपल्या मुंबईत काय चालले होते? गिरण्यांत आठवड्याची सुट्टी हा प्रकारच नव्हता. जोतीराव फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये कामगारांची संघटना बांधली आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज केला. मागणी साधी, रविवारी सुट्टी द्या, दुपारी अर्धा तास भाकरी खायला द्या. सहा वर्षे हेलपाटे घातल्यावर 24 एप्रिल 1890 ला मुंबईत दहा हजार कामगारांची सभा झाली, आणि त्या सभेत दोन कामगार बायकाही बोलल्या. विचार करा, 1890 साल. दहा हजारांपुढे, तेही माईक नसताना. 10 जूनला गिरणी मालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्या वर्षी सरकारी कायद्यातही आठवड्याची सुट्टी आली. रविवार साहेबाच्या चर्चचा वार खराच, पण खंडोबाचाही तोच.

लंडनच्या दुकानांत काम करणाऱ्या पोरींची गत गिरणीतल्या बायकांपेक्षा फार बरी नव्हती. मार्गारेट बाँडफील्ड नावाची मुलगी चौदाव्या वर्षी कापडाच्या दुकानात लागली. तेव्हा विक्रेत्या मुलींना दुकानाच्याच माडीवर राहावे लागे, खाणे मालकाचे, दार लावायची वेळही मालकाची. सणाच्या आधी गिऱ्हाईक आटपेपर्यंत उभे राहायचे, आणि मग मालाच्या घड्या घालायच्या. बाँडफील्ड दुकानदारी कामगारांच्या संघटनेत गेल्या, टोपणनावाने या हालांवर लिहू लागल्या, आणि 1929 मध्ये इंग्लंडच्या मंत्रिमंडळात बसणाऱ्या पहिल्या बाई ठरल्या. दुकानातल्या नोकरांना आठवड्यात निदान अर्ध्या दिवसाची सुट्टी कायद्याने मिळाली ती 1911 मध्ये.

तरीसुद्धा नाताळला सगळेच बंद हे चित्र बरेच अलीकडचे आहे. इंग्लंडात टपाल 25 डिसेंबरला वाटत, ते 1960 च्या नाताळपर्यंत. फुटबॉलचे सामने त्या दिवशी व्हायचे, म्हणून गाड्याही चालायच्या. 1960 नंतर रेल्वे थांबत गेल्या, आणि 1980 च्या दशकात भुयारी रेल्वेही त्या दिवशी पूर्ण बंद झाली. मोटारी वाढल्या, गाडीत बसणारे कमी झाले, आणि कामावर यायला माणसे राजी होईनात. सगळी कारणे मिळून गाडी थांबली.

दुकानांचे मात्र उलटे चालले होते. इतके दिवस रूढीने बंद असलेली काही मोठी दुकाने नाताळला उघडू लागली. एकाने उघडले की शेजारचा म्हणतो, माझे गिऱ्हाईक गेले. दुकान कामगारांच्या संघटनेने हे ओळखून मागणी लावून धरली, आणि 2004 मध्ये कायदा झाला: इंग्लंड आणि वेल्समध्ये 280 चौरस मीटरपेक्षा मोठे दुकान नाताळच्या दिवशी उघडायचे नाही. 280 चौरस मीटर म्हणजे साधारण तीन हजार चौरस फूट. मोडणाऱ्याला 50 हजार पौंडांपर्यंत दंड. 1647 मध्ये सरकारने दुकाने उघडायला लावली म्हणून दंगल झाली, आणि 2004 मध्ये त्याच देशाच्या सरकारने ती बंद ठेवायला लावली.

छोटी दुकाने या कायद्यातून सुटली. म्हणून नाताळला लंडनमध्ये दूध, पाव, आले-लसूण लागले तर गल्लीच्या कोपऱ्यावरचे दुकान शोधायचे. ते पुष्कळदा गुजराती, पंजाबी, पाकिस्तानी किंवा तमिळ कुटुंबाचे असते. नवरा गल्ल्यावर, बायको मागे माल लावते. तिची सुट्टी कोणत्या कायद्यात मोजायची ते आम्हाला सांगता येणार नाही. दवाखान्यातल्या परिचारिका, वृद्धाश्रमातल्या सेविका, पोलीस हेही कामावर असतातच. सणाच्या दिवशी सुट्टी मिळालीच पाहिजे असा सर्वांसाठीचा हक्क तिथल्या कायद्यात आजही नाही. ज्याच्या त्याच्या नोकरीच्या करारात जे लिहिले असेल ते.

आणि घरातली चूल? आपल्याकडे पोळ्याला बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत, त्याला न्हाऊ घालतात, शिंगे रंगवतात. त्याच्यासाठी पुरण कोण वाटते, हे या रेडिओवर सांगायची गरज नाही. लंडनच्या घरातही नाताळच्या पहाटे टर्की भट्टीत कोण चढवते, याचे उत्तर वेगळे नाही. अलीकडे पुरुष हात लावू लागलेत, असे लेकी फोनवर सांगतात. बरे आहे.

तर आता जाणाऱ्यांसाठी. शक्यतो 25 ला उतरणारे तिकीट काढू नका. काढलेच असेल तर न्यायला येणाऱ्याची खात्री करा. 24 ला दुकाने लवकर मिटतात, भाजी-दूध दुपारपर्यंत भरून ठेवा. 25 ला पायी फिरा. बागा उघड्या असतात. हाइड पार्कच्या तळ्यात त्या सकाळी थंडगार पाण्यात पोहण्याची शर्यत लागते. ती 1864 पासूनची, आणि बघायला पैसे पडत नाहीत. चर्चमध्ये प्रार्थना असते, आत जाऊन शांत बसलेले चालते. थेम्स नदीवरचे पूल त्या दिवशी मोकळे असतात, फोटो हवा तसा येतो.

26 ला मात्र मोठ्या दुकानांत सेल लागतो आणि दारापुढे रांगा लागतात. बाहेरगावच्या गाड्या त्या दिवशीही फारशा नसतात, तरी दुकानातल्या पोरी कशाबशा पहाटे पोचलेल्या असतात. हा दिवसही बंद ठेवा म्हणून लाखाहून जास्त लोकांनी सह्या केल्या, आणि 2016 च्या डिसेंबरात पार्लमेंटात त्यावर चर्चाही झाली. सरकारने नाही म्हटले. संघटनेने मागणी सोडलेली नाही.